भिंत, कोळसा आणि मूल

(रौप्यमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



उत्सवाच्या दिवशीं वक्त्यानें गोड बोलावें असा शिष्टसंकेत आहे, आणि माझ्यापूर्वीं बोललेल्या सद्गृहस्थांनीं तो उत्तम रीतीनें पाळला आहे. आपल्या धर्मग्रामाच्या गेल्या पंचवीस वर्षांचा आढावा त्यांनीं इतका सविस्तर घेतला कीं, त्यांत भर घालण्याजोगें माझ्याजवळ कांहीं उरलें नाहीं. ज्युबिली कमिटीनें मला विषय दिला आहे, तो 'चित्रकला आणि गरिबांचीं मुलें' हा. ज्याचें सारें आयुष्य मुलांना चित्रकला शिकविण्यांत गेलें, त्याला हा विषय सोपा जाईल, अशी कमिटीची समजूत झाली असावी. परंतु खरें सांगावयाचें तर येथें उभें राहतांना माझे पाय जड झाले. कारण ह्या विषयाचा आरंभ मला माझ्याच एका अपराधापासून करावा लागत आहे.

माझ्या नोकरीचें तें दुसरें वर्ष. शाळेचें नांव मी घेत नाहीं. दोष शाळेचा नव्हता, माझा होता. दिवाळीपूर्वीं शाळेच्या भिंतींना ताजा चुना दिला होता, आणि त्या पांढऱ्या स्वच्छ भिंतींचा आम्हां शिक्षकांना मोठा अभिमान वाटत होता. सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच आठवड्यांत एका सकाळीं मागच्या भिंतीवर कोळशानें काढलेलें एक लांबच लांब चित्र दिसलें. फारशी चौकशी करण्याची गरजच पडली नाहीं. चौथींतल्या एका कातकरी मुलाचीं बोटें काळीं झालेलीं होतीं. मीं त्याला सर्व मुलांसमोर उभें केलें, त्याच्या हातांत ओलें फडकें दिलें आणि त्याला भिंत पुसावयास लावलें. चुन्यावरचा कोळसा पाण्यानें जात नाहीं, उलट पसरतो, हें चित्रकलेच्या शिक्षकाला ठाऊक नसेल असें कसें म्हणावें? तो पुशीत राहिला, भिंत अधिकाधिक काळी होत गेली, आणि मुलें हंसत राहिलीं. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं.

त्याच रात्रीं त्याच्या आईबापांनीं वाडी सोडली व तीं कोळशाच्या भट्टीवर गेलीं, असें मागाहून कळलें. पावसाळ्याच्या तोंडाशीं तीं परत आलीं. परंतु तो मुलगा शाळेची पायरी पुन्हां चढला नाहीं. कदाचित् भट्टीवरच्या कामामुळें त्याची शाळा सुटली असेल, कदाचित् माझ्यामुळें. हा 'कदाचित्' आज म्हातारपणींही माझी पाठ सोडीत नाहीं.

त्या सकाळीं मीं भिंतीवरचा डाग पाहिला. चित्र पाहिलें नाहीं. तें मला दिसूं लागलें तें पुष्कळ वर्षांनीं, एकटें बसलें असतांना. मातीनें लिंपलेली भट्टी होती, तिच्या फटींतून निघणारा धूर होता. डोक्यावर बोचकें घेतलेली एक बाई होती, एक ट्रक होता, आणि ट्रकच्या मागें धांवणारें एक कुत्रें होतें. आपण कोठें जाणार आहों, आणि मागें कोण राहणार आहे, हें त्या पोरानें आम्हांस लिहून कळविलें होतें. आम्हां शिकलेल्या माणसांना तें वाचतां आलें नाहीं.

बंधुभगिनींनो, आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलखांत राहणाऱ्यांस कातकरी म्हणजे कोण हें सांगावयास नको. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. कात गेला, जंगल गेलें. मग त्यांच्या हातीं कोळसा आला, आणि कोळशामागून विटा. महाराष्ट्रांत ज्या तीन जमातींस सरकारनें विशेष दुर्बल आदिवासी म्हणून गणलें आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड ह्यांच्याबरोबर कातकरी आहेत. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली, म्हणजे वाड्या ओस पडूं लागतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडावयास घरेंच्या घरें भट्ट्यांवर जातात, आणि त्यांच्याबरोबर शाळेंतलीं मुलेंही जातात. हजेरीपटावर त्यांचीं नांवें राहतात. बांकांवरच्या जागा रिकाम्या राहतात.

अशा मुलांजवळ चित्रकला घेऊन जाणें म्हणजे उपाशी माणसाला अत्तर लावणें होय, असें कोणी म्हणेल. मीही एके काळीं तसेंच म्हणत असें. माझें मत ज्या उदाहरणानें बदललें, तें आतां आपणांपुढें ठेवतों.

इ. स. २०२६ च्या फेब्रुवारी महिन्यांत दुबई येथें जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झालें. युनेस्कोच्या सहकार्यानें वार्की फाउंडेशन ही संस्था तें देते, आणि त्याची रक्कम दहा लक्ष डॉलर असते. तें मुंबईंत काम करणाऱ्या श्रीमती रूबल नागी ह्यांस मिळालें. ह्या बाई मूळच्या चित्रकार व मूर्तिकार. रस्त्यांवरच्या मोठमोठ्या भिंती रंगविणें हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्या कामाचा आरंभ तीसेक मुलांच्या एका लहानशा चित्रवर्गापासून झाला. पुढें 'मिसाल मुंबई' ह्या नांवानें त्यांनीं मुंबईंतल्या झोपडवस्त्यांचीं घरें रंगविण्याचें काम हातीं घेतलें. आणि रंगाबरोबर गळकीं छपरें व गल्ल्यांची स्वच्छता ह्यांकडेही लक्ष पुरविलें. पारितोषिक देतांना जी माहिती प्रसिद्ध झाली, तिच्यांत त्यांच्या संस्थेनें देशभर शंभरांहून अधिक वस्त्यांत व खेड्यांत मिळून आठशेंच्या वर शिक्षणकेंद्रें उभारल्याचें सांगितलें आहे.

परंतु आंकड्यांपेक्षां मला त्यांची पद्धति अधिक महत्त्वाची वाटते. वस्तींत शाळेसाठीं खोली मिळत नाहीं. भिंत मात्र कोठेंही असते. पडीक, ओल धरलेली, पोपडे निघालेली एखादी भिंत घ्यावयाची, साफ करावयाची, आणि तिच्यावर अशीं चित्रें काढावयाचीं कीं, जातां येतां त्यांतून अक्षरें, अंक, विज्ञान, इतिहास व आरोग्याचे नियम मुलाच्या दृष्टीस पडावे. भिंत कुलूपबंद होत नाहीं, फी मागत नाहीं, हजेरी घेत नाहीं. पाणी भरावयास निघालेली मुलगी कळशी खालीं ठेवून तिच्यापुढें दोन क्षण उभी राहते, आणि धडा सुरू होतो. ह्या केंद्रांच्या वेळाही मुलांच्या कामाच्या वेळा पाहून ठरविलेल्या असतात, आणि शिकविण्याचें साहित्य टाकाऊ वस्तूंतून केलेलें असतें. मूल प्रथम रंगासाठीं येतें, मग अक्षरासाठीं थांबतें, आणि शेवटीं त्याला नेहमींच्या शाळेंत पोंचविलें जातें. हा शेवटचा टप्पा आपण विसरूं नये.

ह्याच पारितोषिकाचा मान इ. स. २०२० मध्यें सोलापूर जिल्ह्यांतल्या माढा तालुक्यांत परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत शिकविणारे श्री. रणजितसिंह डिसले ह्यांस मिळाला होता, हें आपणांपैकीं अनेकांस स्मरत असेल. मिळालेल्या रकमेचा अर्धा भाग त्यांनीं अंतिम फेरींतल्या इतर नऊ शिक्षकांत वांटून दिला. खेड्यांतली एक शाळा आणि झोपडवस्तींतली एक भिंत, ह्या दोहोंकडे जगाचें लक्ष गेलें. आणि दोन्ही आपल्या महाराष्ट्रांतल्या.

भिंतीनें शिकवावें ही कल्पना आपणां ख्रिस्ती लोकांस नवी नाहीं. सहावें शतक संपतांना मार्सेय येथील बिशप सेरेनुस ह्यांनीं, लोक चित्रांची पूजा करूं लागले म्हणून, देवळांतलीं चित्रें फोडून टाकविलीं. तेव्हां पोप थोर ग्रेगरी ह्यांनीं त्यांस पत्रें लिहून बजावलें कीं, पूजा थांबविलीत हें योग्य केलें, पण चित्रें मोडलींत हें योग्य नव्हे. ज्यांना पोथी वाचतां येत नाहीं ते निदान भिंतीकडे पाहून वाचतात. चवदा शतकें होऊन गेलीं, तरी मुंबईच्या गल्लींतल्या त्या भिंतीचें ह्याहून चांगलें समर्थन मला आढळलें नाहीं.

मात्र भिंतीवर कोणाचें तोंड दिसावें, हाही प्रश्न आहे. गोव्यांत १९०२ सालीं जन्मलेले आणि पुण्याच्या आश्रमांत राहून चित्रें काढणारे आंजेलो द फोन्सेका ह्यांनीं पवित्र मरियेला लुगडें नेसविलें व आपल्या देशाची आई म्हणून रंगविलें. त्यांना त्याबद्दल पुष्कळ बोलणीं खावीं लागलीं. १९६७ सालीं ते वारले. आज त्या चित्रांपुढें उभें राहिलें म्हणजे वाटतें, ज्या मुलानें आपल्या आईसारखा चेहरा कधींच भिंतीवर पाहिला नाहीं, त्याला तें देऊळ परक्याचें वाटलें तर दोष कोणाचा?

आपल्या शेजारच्या वारली बांधवांचेंही उदाहरण घ्या. गेरूनें सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहिणें हें त्यांच्या सवाशिणींचें काम. डहाणूकडच्या गंजाड गांवचे जिव्या सोमा म्हसे ह्यांची आई ते लहान असतांनाच वारली, आणि त्या धक्क्यानें ते बोलेनासे झाले. जें सांगावयाचें तें धुळींत रेघा काढून सांगूं लागले, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. पुढें चित्रकार भास्कर कुलकर्णी तेथें गेले आणि त्यांनीं वारल्यांच्या हातांत कागद दिला. आणि म्हसे ह्यांच्या रेघा जगभर गेल्या. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली; २०१८ सालीं ते निवर्तले. धुळींत रेघा काढणाऱ्या त्या मुक्या पोराला त्या वेळीं माझ्यासारखा शिक्षक भेटला नाहीं, हें मी त्यांचें व आपलें भाग्य समजतों.

आतां दुसरी बाजू. रंगाची भूल मोठी वाईट. घाटकोपरजवळच्या असल्फा येथील टेंकडीवरचीं घरें २०१७ सालीं 'चल रंग दे' ह्या उपक्रमांत रंगविण्यांत आलीं. मेट्रोंतून जाणाऱ्यांस ती टेंकडी मोठी मनोहर दिसूं लागली. लोक मुद्दाम उतरून छायाचित्रें काढूं लागले. त्यावर टीकाही झाली. रंगानें नळाला पाणी येत नाहीं, गटार वाहतें होत नाहीं. गरिबी झांकली जाते, जात नाहीं, असें टीकाकारांचें म्हणणें. तें मला मान्य आहे. परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष 'रंगवूं नका' असा नव्हे, तर 'कोणासाठीं रंगवितां तें आधीं ठरवा' असा आहे. ब्राझील देशांतल्या रियो शहरीं हास आणि हान ह्या नांवानें काम करणारे दोन डच चित्रकार २००६ च्या सुमारास एका अत्यंत दरिद्री व दंगलग्रस्त वस्तींत जाऊन राहिले. त्यांनीं तेथें पतंग उडविणाऱ्या मुलाचें प्रचंड चित्र रंगविलें. तें वस्तींतल्याच पोरांना हाताशीं घेऊन, त्यांना काम शिकवून व मजुरी देऊन. एकानें बाहेरून येऊन भिंत सजविणें निराळें. आणि भिंत ज्याची, त्याच्या हातांत कुंचला देणें निराळें.

ह्या भागांत मुलांसाठीं खपणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. माथेरानचे भाई कोतवाल ह्यांनीं कर्जत तालुक्यांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा उघडल्या. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर त्यांना गोळी घालण्यांत आली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षण थेट आदिवासींच्या पाड्यांत नेलें. मुलें गुरें राखावयास गेलीं तर शाळाही कुरणांत गेली. ठाणे जिल्ह्यांत विधायक संसद ह्या संस्थेनें वीटभट्ट्यांवरच, मजुरांच्या भोंग्यांशेजारीं, भोंगाशाळा चालविल्या. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, हें ह्या सर्वांनीं करून दाखविलें आहे. मीं मात्र दुसऱ्या दिवशीं त्या मुलाच्या वाडीवरही गेलों नाहीं.

आणखी एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं आपल्याच खालापूर तालुक्यांत, इरशाळगडाच्या कुशींतल्या इरशाळवाडीवर डोंगर कोसळला. सत्तावीस मृतदेह हातीं लागले. सत्तावन्न माणसांचा शोध लागलाच नाहीं. ठाकरांची ती वाडी होती. वांचलेल्यांस पुढें चौकजवळ नवीं घरें मिळालीं. घर सरकारला बांधतां येतें; परंतु त्या रात्रीं ज्या मुलानें आपलें माणूस गमावलें, त्याच्या मनांतला डोंगर कोण उपसणार? मोठ्यांना रडतां येतें, बोलतां येतें. मुलाला पुष्कळदां दोन्ही येत नाहीं. त्याच्यापुढें कागद ठेवा आणि त्याला कांहीं विचारूं नका. केव्हां ना केव्हां तें मूल डोंगर काढील. मग एके दिवशीं त्याच डोंगराखालीं एखादें घर काढील. मीं चाळीस वर्षांत अनेक मुलांचीं दुःखें प्रथम त्यांच्या चित्रवहींत पाहिलीं आहेत, आईबापांच्या तोंडून मागाहून ऐकलीं आहेत.

आतां मी मूळ मुद्द्यावर येतों. महोत्सवाच्या निधींतून कांहीं रक्कम शिल्लक आहे, आणि रस्त्याच्या बाजूच्या आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर मुंबईच्या एखाद्या चांगल्या चित्रकाराकडून धर्मग्रामाचा इतिहास रंगवून घ्यावा, अशी सूचना कमिटीपुढें आली आहे. सूचना उत्तम आहे. तिला माझा विरोध नाहीं. माझी विनंति इतकीच कीं, त्या भिंतीचा अर्धा भाग वाडीच्या मुलांस द्यावा. चित्रकार अवश्य यावा. परंतु त्यानें त्या अर्ध्या भागांत स्वतः एक रेघही ओढूं नये. त्यानें मुलांस रंग कालवावयास शिकवावें, शिडी धरावी आणि पाहावें. मुलांनीं काय काढावें हें आपण सांगूं नये. त्यांनीं देऊळ काढलें तर आनंद आहे. भट्टी काढली, ट्रक काढला, तरी पुसावयाचें नाहीं.

दुसरी गोष्ट वेळेची. हें काम दसऱ्याला सुरू होऊन दिवाळीच्या आंत संपलें पाहिजे. नाताळाच्या सणांत उद्घाटन करूं म्हणाल, तर तोंवर वाडी रिकामी झालेली असेल, आणि चित्रकारांवांचून आपण चित्राचें उद्घाटन करूं.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. भिंत रंगवून झाली म्हणजे छायाचित्र काढून आपण घरीं जाणार असलों, तर हा खटाटोप न केलेला बरा. भिंतीपाशीं आलेल्या प्रत्येक मुलाचें नांव आपणांपैकीं कोणी तरी लिहून ठेवावें. तीं भट्टीवर गेलीं म्हणजे आपल्या तरुण मंडळींनीं महिन्यांतून दोन रविवार, मिस्सा झाल्यावर, पाटी-पुस्तक घेऊन तेथें जावें. पावसाळ्यांत शाळा उघडतांना त्यांतलें प्रत्येक मूल बांकावर बसलें आहे कीं नाहीं, हें आपण मोजावें. आपला महोत्सव सफळ झाला कीं नाहीं, हें त्या मोजणींतून कळेल. आणि हें करतांना कोणा मुलाच्या धर्माची चौकशी करूं नये, कोणास देवळांत येण्याचा आग्रह करूं नये. भिंत रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. ती सर्वांची आहे.

पवित्र शुभवर्तमानांत आपल्या प्रभूनें कांहीं लिहिल्याचा प्रसंग एकच येतो, आणि तोही जमिनीवर, बोटानें. चारचौघांसमोर एका अपराधी बाईला उभें केलेलें होतें, आणि सर्वांच्या हातांत धोंडे होते. त्यानें काय लिहिलें तें कोणींच नोंदलें नाहीं. परंतु एकेक जण हातांतला धोंडा टाकून निघून गेला. हा भाग देवळांत वाचला जातो तेव्हां मला आमच्या शाळेची ती मागची भिंत दिसते, आणि माझ्या हातांतलें ओलें फडकें दिसतें.

तो मुलगा आज हयात असेल तर पन्नाशीच्या पुढें गेलेला असेल. त्याला शोधून क्षमा मागावी असें पुष्कळदां मनांत आलें. एकदोनदां त्या वाडीपर्यंत गेलोंही, पण तेथें कोणास कांहीं सांगतां आलें नाहीं. म्हणून ती क्षमा आज मी आपणां सर्वांसमोर मागतों, आणि तिच्या बदल्यांत आपल्याकडे अर्धी भिंत मागतों. दसऱ्याच्या दिवशीं सकाळीं चुन्याची बादली घेऊन मी तेथें हजर राहीन. कोळसा आणावयाची काळजी करूं नका. तो मुलें आणतील.